पाठराखीण

चार दिवस उत्तरेच्या वाऱ्यानं बेटाला झोडपून काढलं आणि पाचव्या दिवशी तो आपणच दमला. त्याच्या जागी ती बारीक, उभी, आवाज नसलेली भुरभुर आली, जिला इथं कुणी पाऊस म्हणतच नाही. इथं जून म्हणजे ऐन हिवाळा, उजेड आळशी असतो. साडेआठ वाजले तेव्हा कुठं एर्मेलिंदा चिग्वायला दारातून डुकराची कोंडी दिसली, कोंडीपलीकडचा लसणाचा वाफा दिसला आणि वाफ्याखाली पार मागं हटलेला समुद्र दिसला. एवढी ओहोटी महिन्यातून दोनदाच. तिनं रबरी बूट चढवले, वेताची टोपली पाठीवर घेतली आणि उतार धरला.

वादळानं किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचा ढीग लावून दिला होता. काट्यानं ओढायचं, झटकायचं, टोपलीत भरायचं, पाणी निथळेस्तोवर उभं राहायचं आणि मग टोपली पाठीवर घेऊन चढ चढायचा. हिवाळ्यात लसणाच्या मुळाशी हे घातलं की मुठीएवढे गड्डे धरतात. पहिल्या खेपेला कंबर बोलली. दुसऱ्या खेपेला गप्प झाली. एकसष्ट वर्षांच्या कंबरेला एवढं बोलायचा हक्क होता.

तिसऱ्या खेपेला दगडांवरून बाउदिलिओ ओयार्सो येताना दिसला. हा शेजारी, विधुर, बेटावरची निम्मी डुकरं याच्याच हातानं कापली जातात.

"डोन्या एर्मे, समदं शेवाळ तुमीच नेलंत तर आमच्या लसणानं काय खावं?"

"तुमच्या लसणाला झरा हाय की, डोन बाउदिलिओ. माझ्याला निदान शेवाळ तरी खाऊ द्या."

"डुक्कर काय म्हणतंय?"

"म्हणतंय, शनिवारी बाउदिलिओ नको. त्याचा हात थरथरतो."

"सफरचंदाची दारू पोटात गेली की थांबतो थरथरायचा. सांगा त्याला." बाउदिलिओनं टोपी काढून पाणी झटकलं. "आन माझा योको इसरू नका. गेल्या साली मी आठ मिल्काओ दिल्ते."

डुक्कर कापलं की शेजाऱ्यांच्या घरी वाटा जातो. मांस, चरबीत तळलेले तुकडे, बटाट्याच्या मिल्काओ. त्याला योको म्हणतात. ज्यानं घेतला, त्यानं आपलं डुक्कर कापल्यावर तेवढाच परत करायचा. कमी नाही, जास्तही नाही. जास्त देणं म्हणजे समोरच्याला हलका लेखणं.

"आठ व्हत्या," एर्मेलिंदा म्हणाली, "त्यातली एक करपलेली व्हती. म्या पण एक करपवून देते."

"करपवा. हिशेब म्हंजे हिशेब." बाउदिलिओ हसला, मग जरा घोटाळला. "पोरगा येतोय न्हवं नक्की?"

"उद्या दुपारच्या होडीनं."

"मग योलांदाला काय सांगू?"

"सांगा, केस धुवून ठेव."

"तिला काय सांगायची सोय ऱ्हायली न्हाई. काल म्हणली, बाबा, माझं लगीन माणसाशी लावताय का आपला झरा त्येंच्या किनाऱ्याशी?"

"मग तुमी काय म्हणलात?"

"म्हणलो, माणसं दक्षिणेला जात्यात. झरा जात न्हाई."

एर्मेलिंदानं टोपली पाठीवर घेतली. फेब्रुवारीत तिची विहीर तळाला जाते आणि पालिकेच्या पाण्याची वाट बघत बादल्या रांगेत ठेवाव्या लागतात. बाउदिलिओचा झरा तिच्या कुंपणापासून चाळीस पावलांवर आहे आणि त्याच्याकडं धड होडी लावायला किनारा नाही. तिचा एलिएसेर आणि त्याची योलांदा. हे लग्न तिनं दोन वर्षं मनात मुरवलं होतं. शनिवारी डुक्कर कापायला पोरगा घरी असला की दोघांना एका टेबलाशी बसवायचं, तेवढं उरलं होतं.

"आन त्या डब्यातल्या तुमच्या राण्या?" बाउदिलिओनं मागून विचारलं. "कुणाचं जमलं का न्हाई या आठवड्यात?"

"एकीचं जमलंय. सासरा तुमच्यासारखाच हाय, अक्कल कमी आन जमीन मोप."

डबा म्हणजे एलिएसेरचा जुना संगणक. चुलीशेजारच्या टेबलावर तो विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असे, चुलीची राख उडू नये म्हणून. चार वर्षांपूर्वी शिंपल्यांच्या तराफ्यावरून पडून एलिएसेरचा पाय मोडला आणि तीन महिने तो या टेबलाशी प्लास्टरमध्ये बसून होता. वेळ जावा म्हणून त्यानं आईला हा खेळ शिकवला. सात खेळाडू, सात राज्यं, दिवसाला एक चाल. सकाळी अकराला सगळ्यांच्या चाली एकदम उघडतात. बाकीचे सैन्य वाढवतात. एर्मेलिंदाला सैन्यात गोडी वाटली नाही. तिला लग्नं आवडली. कुणाची मुलगी कुणाला दिली, कोण निपुत्रिक मरणार, कुणाच्या पुतण्याकडं गढी जाणार, हे तिला न शिकवता यायचं. बेटावर जन्म गेला तो हेच ऐकत.

पाय बरा झाला तसा एलिएसेर दूर दक्षिणेला, पुंता अरेनासच्या खेकड्यांच्या कारखान्यात गेला. फोन रविवारी यायचा.

"जेवलास?"

"जेवलो."

"थंडी हाय?"

"आहे."

"काळजी घे."

"घेतो, आई."

तेवढ्यात त्याचा फोन संपायचा. एका रविवारी मात्र तो बोलता बोलता म्हणून गेला की त्यानं नवा पट मांडलाय, दक्षिणेचं राज्य घेतलंय, एक जागा अजून रिकामी आहे. ती म्हणाली, मी येऊ? तो हसला. पोरं बुजतील, आई, म्हणाला.

तेव्हा ती शाळेतल्या मास्तरांकडं गेली, कोंबडी घेऊन, आणि त्यांच्याकडून खोट्या नावानं पटावर बसली. पश्चिमेच्या किनाऱ्यावरची विधवा राणी. मुलींना नावंसुद्धा आपल्या घरातली दिली नाहीत. पंचांगातल्या परक्या संतिणींची निवडून काढली, म्हणजे पोराला वास लागायला नको. पटावरचे बाकीचे तिला सांतियागोचा कुणीतरी टकला वकील समजत.

खेळात दुसऱ्याच्या घरात हेर घालायचा तर लग्नासारखी वाट नाही. मुलगी दिली की तिच्यासोबत पाठराखीण जाते आणि पाठराखीण स्वयंपाकघरात राहते. स्वयंपाकघरात राहणारीला त्या राजाची सगळी पत्रं वाचता येतात. एर्मेलिंदानं पहिल्याच वर्षी आपली थोरली मुलगी दक्षिणेच्या राजाच्या भावाला दिली. राजानं हुंडा मागितला नाही, हो म्हणाला. ती चुलीशी एकटीच हसली होती.

त्या दिवसापासून पाठराखीण रोज सकाळी अकराला तिला पोराची खबर आणून देई. एलिएसेर पत्रं लिही ती तोरो नावाच्या खेळाडूला. तोरो आधी त्याच कारखान्यात होता, आता कोयाइकेला ट्रक चालवतो. पोरगा फोनवर चार शब्द बोलायचा, तोरोशी मात्र पानभर. त्याची दाढ काढली हे तिला पाठराखिणीकडून कळलं. नवे बूट घेतले, ते चावतात, हेही. एकदा त्यानं लिहिलं की आज बर्फात आपटलो आणि पाच मिनिटं तिथंच पडून हसत राहिलो. ते पत्र तिनं आठवडाभर रोज उघडलं. दोन हिवाळे ती या खबरांवर जगली. फोनवर मात्र विचारायची, दाढ कशी आहे, असं नाही. जेवलास?

पटावर तिचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणानं. दक्षिणेच्या राजानं एका दुष्काळात तिला आठ पोती बटाटे पाठवले, तर पटावरच्या वर्षानं त्याच महिन्यात तिनं आठ पोती परत धाडली. बाकीचे खेळाडू हसले. पश्चिमेचं राज्य म्हणजे वाण्याचं दुकान आहे, कुणीतरी लिहिलं. तिला कळलं नाही, हसण्यासारखं काय आहे.

त्या गुरुवारी चौथी टोपली वाफ्यावर रिकामी करून ती घरात आली. हात पुसले, माते नावाच्या कडू चहाला पाणी ठेवलं, रुमाल काढला. माडीवर एलिएसेरची गादी कालच उन्हाअभावी चुलीशी शेकवून घातली होती. अकराला चाली उघडल्या. पाठराखिणीनं एक पत्र आणलं होतं.

*तोरो, या जूनलाही मी बेटावर जात नाही. आईला सांगेन, सुट्टी मिळाली नाही. सुट्टी मिळाली आहे, कागद खिशात आहे. बेर्ताला सहावा महिना लागला. तिला सोडून जाववत नाही आणि तिला घेऊन जायची छाती होत नाही. तिकडं आईनं डोन बाउदिलिओच्या योलांदाशी माझं ठरवलंय, झऱ्यासकट. बेर्ताच्या वडिलांनी मागच्या अंगणात खोली बांधायला जागा दिली. मी आता इथलाच झालो.*

एर्मेलिंदानं ते तीनदा वाचलं. मातेतलं पाणी कोमट झालं.

तिचा नवरा तिशीत असताना अर्जेंटिनाला मेंढ्या कातरायला गेला होता. पहिल्या वर्षी पैसे आले, दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं. त्यात हेच लिहिलं होतं, मी आता इथलाच झालो. एलिएसेरनं ते पत्र कधी पाहिलं नव्हतं. ते तिनं चुलीत घातलं होतं, तो चार महिन्यांचा असताना.

बेर्ता कोण, हे दोन हिवाळ्यांत पाठराखिणीनंही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारची होडी आली. धक्क्यावर दोन पिठाची पोती, एक गॅसची टाकी आणि मास्तरांची बायको उतरली. एर्मेलिंदा धक्क्यावर गेली नव्हती, खिडकीतून मोजत होती. होडी परत फिरली तेव्हा फोन वाजला.

"आई, सुट्टी नाही मिळाली. माल फार आलाय."

"बरं."

"रागावलीस?"

"न्हाई. जेवलास?"

"जेवलो."

"थंडी हाय?"

"आहे." मग त्यानंच विचारलं, "डुक्कर मोठं झालं का गं?"

"मोठं झालंय."

"बरं. ठेवतो, आई."

तिनं फोन ठेवला आणि रुमाल ओढून काढला. सकाळची चाल तिनं पाठवली नव्हती. आता पाठवायची होती. पाठराखिणीला सांगता येण्यासारखी कामं पडद्यावर एकाखाली एक येतात. ऐक. चोरी कर. पेटव. विष घाल. दक्षिणेच्या राजाला एकच वारस होता, दोन वर्षांचा लादिस्लाओ. तो गेला की गादी भावाकडं, म्हणजे तिच्या जावयाकडं, म्हणजे तिच्याकडं. दोन वर्षांच्या सोयरिकीचं फळ एका बोटावर होतं. तिनं बोट ठेवलं, दाबलं नाही. विष घालायच्या आधी टपाल बघून घ्यायचं, ही तिची सवय. काय सांगावं, पोरानं पहारा वाढवला असला तर.

टपालात आणखी एक पत्र होतं. वर तोरोचा प्रश्न होता आणि खाली एलिएसेरचं उत्तर.

*तुझ्या स्वयंपाकघरात पश्चिमेची बाई बसलीय हे मला कोयाइकेवरून दिसतं,* तोरोनं लिहिलं होतं. *तुला दिसत नाही? लटकव की तिला.*

*दिसतं,* एलिएसेरनं लिहिलं होतं. *दोन हिवाळ्यांपासून दिसतं. पश्चिमेची राणी माझी आई आहे. मी आठ पोती बटाटे पाठवले आणि वर्षानं आठ आले. मग मुद्दाम पाच पाठवले, पाच आले, त्याच महिन्यात. या खेळात घेतलेलं कुणी परत करतं का, तोरो? हे फक्त आमच्याकडं. त्या बाईला हात लावू नकोस. तिला चुलीशी बसू दे, तिकडं ऊब असते. कालचं पत्र मी तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं, तुला सगळं माहीत आहे. फोनवर ती विचारते जेवलास का, मी म्हणतो जेवलो, आणि मग मला पुढं बोलता येत नाही.*

एर्मेलिंदा उठली. चुलीत एक लाकूड घातलं. चुलीचं झाकण सरळ केलं, ते सरळच होतं. खिडकीशी जाऊन उभी राहिली. भरती येत होती आणि काट्यानं ओढून ठेवलेलं शेवाळ हळूहळू परत तरंगायला लागलं होतं.

म्हणजे हुंडा न मागता तो हो म्हणाला ते त्याच्या भोळेपणापायी, पण त्यानंतरचं सगळं जाणून. दाढ, बूट, बर्फात पडून हसणं. कुणाला सांगत होता तो? तिला वाटलं होतं आपण चोरून ऐकतोय. आणि तो मात्र हातचं काम टाकून, तिला ऐकू जावं म्हणून, जरा मोठ्यानं बोलत होता. मग बेर्ताचंच नाव का दोन वर्षं लपवलं, आणि आताच का काढलं? याला तिच्याकडं उत्तर होतं. झऱ्याचं लग्न तिनं त्याला न विचारता ठरवलं होतं, आणि मागल्या रविवारी फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, बरं, आई.

ती परत बसली. पाठराखिणीला परत बोलावलं तर त्याला कळेल की आईनं वाचलं. नाही बोलावलं तर ती अशीच तिकडं चुलीशी बसून राहील आणि ही इकडं. दोन्ही चाली तिनं मनात मांडून पाहिल्या, पटावरची मांडते तशा. मग तिनं तिसरीच केली. दक्षिणेच्या राजाला आठ पोती बटाटे पाठवले. त्याचं काही देणं नव्हतं. मागचा हिशेब कधीच फिटला होता. हे नवं होतं आणि आता फेड त्याच्याकडं लागली.

चाल पाठवली. रुमाल झाकला. बसून राहिली.

शनिवारी बाउदिलिओ सुरी घेऊन आला. सोबत योलांदा आतडी धुवायला. केस धुतलेले नव्हते. डुक्कर कापलं, खरवडलं, कढईत चरबी चढली आणि तुकडे पोहायला लागले तशी घरभर ऊब झाली. बाउदिलिओनं दोनदा दाराकडं पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"पोरगं?"

"येत न्हाई. त्यानं तिकडं घर केलंय. बाई हाय, बेर्ता म्हणून. तिला सहावा लागलाय."

बाउदिलिओनं सुरी पाण्यात बुडवली, बराच वेळ हलवत राहिला. बाहेर योलांदा आतडी धुवत काहीतरी गुणगुणत होती.

"फोनवर म्हणला?"

"म्हणला एक प्रकारे."

"हं." त्यानं सुरी पुसली. "तिला तुमीच सांगा. म्या सांगितलं तर माझ्या तोंडासमोर नाचंल."

"सांगते."

"आन झऱ्याचं?"

"झरा तुमचा. फेब्रुवारीत बादल्या लावीन, दर साली लावते तशा."

ती वाटे करायला बसली. ओयार्सोंच्या आठ मिल्काओ, त्यातली एक तिनं खरोखरच करपवली. मास्तरांचा वाटा, पलीकडच्या दोन घरांचे वाटे. मग तिनं फळीवरचं निळं इनॅमलचं भांडं काढलं, झाकणाचं, आईकडून आलेलं. त्यात तळलेले तुकडे भरले, वरून वितळलेली चरबी ओतली, गोठली की महिनाभर बिघडत नाही. झाकण लावून फडक्यात गाठ मारली.

"ह्ये कुणाचं?" बाउदिलिओनं विचारलं.

"पुंता अरेनासला. होडीवाल्याकडं देते, तो बसवर चढवंल."

"मग प्लास्टिकच्या डब्यात घाला की. ह्ये वजनदार, वर आपटलं तर मुलामा उडंल."

"प्लास्टिकचा डबा कुणी परत आणून देत न्हाई."

बाउदिलिओनं भांड्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. योकोचं भांडं टपालानं परत जात नाही. ज्याच्या घरी आलं त्यानं स्वतःच्या हातानं, भरून, दारापर्यंत न्यायचं असतं.

"लई लांबून यावं लागंल त्यास्नी," तो म्हणाला.

"लांब हाय खरं."

"आन न्हाई आलं तर?"

"तर माझं एक भांडं कमी."

दुपारी होडीवाल्यानं ते भांडं हातात घेतलं, बटाट्याच्या पोत्यांमध्ये घट्ट बसवलं आणि गेला. एर्मेलिंदा धक्क्यावर उभी होती. होडी भूशिराआड गेल्यावरही तिथला पाण्याचा पट्टा थोडा वेळ हलत राहिला, मग इतर पाण्यासारखा झाला.

अकराची चाल तिनं पाहिली नव्हती. डुक्कर कापायच्या दिवशी कोण पाहतं. पाहिली असती तरी उत्तर उद्याच येणार, किंवा परवा. किंवा पुढच्या जूनमध्ये, त्याच महिन्यात.

घरी आल्यावर तिनं माडीवरची गादी उचलून आढ्याच्या दोरीवर टाकली, कुबट वास बसू नये म्हणून. मग खाली आली. ओहोटी लागली होती, पण परवासारखी नाही, अर्ध्यावरच. जेवढं मिळेल तेवढं शेवाळ आजच ओढायला हवं होतं, लसणाच्या दोन ओळी अजून उघड्या होत्या. चरबीनं निसरडे झालेले हात तिनं राखेनं घासले, रबरी बूट चढवले, टोपली पाठीवर घेतली आणि उतार धरला.